जावयानं घड्याळ पुसलं

आर्मां फाव्हेनं त्या शनिवारी फक्त एक फडकं हातात घेतलं होतं. पुढचं काही करायचा त्याचा विचार नव्हता. (विचार हा प्रकार त्याच्या बाबतीत तसा क्वचितच घडे.)

ला शो-द-फोंच्या टपाल कचेरीत तो शिक्के मारायचा. जन्मानं खालच्या तळ्याकाठचा, द्राक्षमळेवाल्यांचा मुलगा. आणि लग्न करून येऊन पडला तो घड्याळजींच्या अशा गावात, जिथे पाळण्यातलं पोरसुद्धा खुळखुळा कानाशी नेऊन चालतोय का बघतं. सासरे नुमा कालाम चार पिढ्यांचे घड्याळजी. बारा वर्षांत त्यांनी या जावयाला टिकटिकणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावू दिला नव्हता. अंडी उकडायच्या गजरालासुद्धा नाही.

पण सासऱ्यांवर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी न्यूशातेलच्या इस्पितळात जायची वेळ आली आणि सोबत मुलगी, म्हणजे आर्मांची बायको ओदेत, निघाली. तेव्हा नुमांनी पणजोबांच्या हातचं चांदीचं खिशातलं घड्याळ नाइलाजानं जावयाच्या तळहातावर ठेवलं.

"जावईबुवा, रविवारी मादाम व्हुई येणार आहेत याची पारख करायला. तोवर रोज सकाळी किल्ली द्या. बस्स."

"आणखी काही, बाबा?"

"आणखी काही करू नका, हेच तर सांगतोय! नीट सांभाळलंत तर घड्याळ पुढे तुमच्याच घरी राहील. मग मीही म्हणेन, माणूस आपल्यातला झाला."

आपल्यातला! हे ऐकायला आर्मांचे कान बारा वर्षं आसुसले होते. आता गप्प बसून किल्ली देणं हे कुठल्याही शहाण्याला जमलं असतं. पण शहाणा घड्याळ सांभाळतो आणि अतिशहाणा ते सुधारतो.

शनिवारी त्याला दिसलं की चांदी काळी पडलीय. काळं घड्याळ पारखी बाईला दाखवायचं? लोक काय म्हणतील? त्यानं फडक्याला पावडर लावली. हात दुखले, तेव्हा भिंतीला भोकं पाडायच्या यंत्राला त्यानं लोकरीची चकती बसवली. घड्याळाच्या पाठीवर एक कोरलेलं हरीण होतं. त्याची आधी शिंगं गेली, मग पाय, आणि शेवटी राहिला तो गुळगुळीत बटाटा. पण चकाकत काय होता!

मग त्यानं मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला बारीक ओरखडेच ओरखडे. कुठे अक्षरं, कुठे आकडे. "कुण्या कार्ट्यानं टाचणीनं खरवडलंय," आर्मां हळहळला. "बाबांची नजर अधू, त्यांना कुठून दिसणार?" तेही त्यानं यंत्र लावून साफ केलं. तबकडीवर केसाएवढी एक चीर होती. ती त्यानं कचेरीतल्या खाडाखोड झाकायच्या पांढऱ्या रंगानं बुजवली. ('चार'चा आकडा त्यात अर्धा बुडाला, पण चार कुठे असतात हे कुणाला ठाऊक नसतं?)

टपाल खात्यात सहीशिवाय काम झालं असं कुणी धरत नाही. म्हणून शेवटी त्यानं रफूची सुई घेऊन झाकणाच्या आत झोकात कोरलं : साफ केले, आ. फाव्हे.

रविवारी जेवणाच्या टेबलाशी सगळे जमले. नुमांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मादाम व्हुईंनी भिंग लावलं, घड्याळ पाहिलं, मग आर्मांकडे पाहिलं. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा सारखाच होता.

"चांदी कुणी घासली?"

"मीच!" आर्मां खुर्चीतून अर्धा उठला. "कसं झगमगतंय, नाही?"

"झगमगतंय. नवा चमचासुद्धा झगमगतो हो, पण तो तपासायला मला कुणी बोलावत नाही. आणि तबकडीवर हे काय? पक्षी बसला होता की काय?"

"चीर होती, मादाम."

"चिरेनं किंमत थोडी उतरते. उपायानं पार उतरते." त्यांनी घड्याळ कानाशी नेलं. "यंत्र मात्र झकास चाललंय. तिथवर तुम्ही पोचला नाहीत वाटतं."

"आर्मां," ओदेत दबक्या आवाजात म्हणाली, "तू झाकण नाही ना उघडलंस?"

तो उत्तर देणार इतक्यात नुमांनी घड्याळ ओढून घेतलं. झाकण उघडून त्यांनी आत अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग नख थांबलं.

"घड्याळ दुरुस्त केलं की आमच्याकडे आत बारीक खूण करतात, नाव नि साल," ते हळूच म्हणाले. "आजोबांची होती. वडिलांच्या तीन होत्या. त्यांच्या हातचं अक्षर तेवढंच उरलं होतं माझ्याकडे."

आर्मांला खरोखर रडू आलं, आणि ते मात्र अगदी योग्य ठिकाणी आलं होतं.

"त्या खुणांनाच तर खरा भाव," मादाम व्हुई म्हणाल्या. "कुणाच्या हातून गेलं, केव्हा, सगळं त्यात असतं. आता एकच उरलीय." त्यांनी भिंग पुन्हा लावून मोठ्यानं वाचलं, "साफ केले, आ. फाव्हे." भिंग खाली आलं. "चाळीस वर्षं हे काम करतेय. नासधूस करणारे खूप पाहिले. पण स्वतःहून सही ठेवणारा हा पहिलाच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग नुमांनी झाकण मिटलं आणि घड्याळ टेबलावरून आर्मांकडे सरकवलं.

"घ्या, तुमच्याचकडे ठेवा."

आर्मांचा विश्वास बसेना. "म्हणजे बाबा... माझ्यावर अजून भरवसा आहे तुमचा?"

"छे हो," नुमा सॉसेज कापत म्हणाले. "पण आता त्याला तुमच्यापासून काही धोका उरलेला नाही."