कुत्र्यापासून सावध

दगडूनानांच्या अंगणाच्या दारावर लाल रंगात पाटी होती: 'कुत्र्यापासून सावध रहा'. पाटी मीच रंगवून दिली होती, त्यामुळे शुद्धलेखनाची चूक तिच्यात नव्हती. एकच अडचण होती. नानांकडे कुत्रं नव्हतं. होता तो द्राक्षाचा वेल.

पण हे पोस्टमनला कोण सांगणार? तो बिचारा वर्षभर बाहेरच्या कडुलिंबाखाली उभा राहून "नाना, पत्रंऽऽ!" अशी आरोळी ठोकायचा. ती म्हणे शिंदखेड्यापर्यंत ऐकू जायची आणि तिथले नाना "काय रे?" म्हणून ओ द्यायचे.

याचं मूळ दुष्काळात होतं. आमच्या सोनगीरनं तेव्हा असा दुष्काळ पाहिला की विहिरीत दगड टाकला तर खालून धूळ यायची आणि पाठोपाठ दगड खोकायचा. गवळ्याला दुधात घालायला पाणी मिळेना. त्यानं नाइलाजानं शुद्ध दूध विकलं आणि सवय नसल्यानं अर्धं गाव पोट धरून बसलं.

त्यातही नाना रोज दोन ताटं घासायचे. माणूस घरात एकटा, जेवायचा एका ताटात. दुसरं ताट फळीवरून काढायचं, राखेनं घासायचं, अर्ध्या तांब्यात दोन्ही विसळायची. लोक म्हणायचे, नानाचं डोकं उन्हानं तापलंय. मी शेजारी आणि वर मास्तर, म्हणून मला कारण माहीत आहे असं मी दाखवायचो. मोरीचं पाणी तिथल्या जुन्या द्राक्षवेलाला जायचं, तेव्हा वेलासाठीच घासत असतील, असा माझा हिशोब.

तो वेल अक्कांनी लावला होता. अक्का म्हणजे नानांची बायको. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या जळगावला गेल्या, 'महिनाभरात येते' म्हणून. त्या महिन्याला दोन वर्षं झाली होती. जाताना एस्टीच्या खिडकीतून त्या ओरडल्या होत्या, "वेलले पानी देज्यात! द्राक्षं लागनात का मी उनीच समजा!" म्हणजे द्राक्षं लागली की अक्का आल्याच, असा करार.

आणि त्या दुष्काळात वेलाची पानं कडेनं करपायला लागली. नाना आमच्याकडे येऊन नुसते बसायचे. चहा पुढे केला की अर्धा प्यायचे आणि अर्धा वेलाला न्यायचे. मग माझ्या बायकोनं साखर घालणंच बंद केलं.

अशात चावडीवर शेतकी खात्याचे एक साहेब आले. म्हणाले, "दुष्काळात द्राक्ष टिकवायचं तर खाली जंगली वेलाचा खुंट लावा आणि वर आपल्या गोड वेलाची काडी बसवा. जंगली खुंट मुळं खोल सोडतो, पाणी शोधून काढतो. नाव लक्षात ठेवा, डॉगरीज!"

गाव घरी गेलं, नाना तिथंच बसले. मग माझा दंड धरून म्हणाले, "मास्तर, डॉग म्हंजे कुत्रं ना?"

"हो."

"तेच! कुत्रं शे ते! जमिनम्हानं पानी हुंगीसन काढस! आनि रीज?"

रीज म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. पण शिक्षकानं गप्प बसायचं नसतं. मी म्हटलं, "रिझवणं, नाना."

"बराबर! कुत्र्याले रिझवनं पडस!"

साहेबांनी दिलेली काडी नानांनी मोरीपासून चार हात लांब लावली आणि रिझवायला सुरुवात केली. सकाळी शीळ घालायचे. बुंध्याशी भाकरीचा चतकोर ठेवायचे. तो खायला गल्लीतली खरी कुत्री यायची, माती उकरायची, तंगडी वर करायची. नाना कौतुकानं म्हणायचे, "भाऊबंद भेटाले उनात!" रोप काठीला बांधायला सुतळी पुरली असती, पण नानांनी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आणला. मग पाटी आली. मी जवळ गेलो तर ओरडले, "हळू, भो! अनोळखीले चावस!"

हसायचं कुणी? पावसाळा कोरडा गेला. अक्कांच्या वेलाची एकच काडी हिरवी उरली. डॉगरीज मात्र अंगठ्याएवढा जाड होऊन बिनपाण्याचा डोलत होता.

कलमाचा दिवस आला. आता जंगली खुंटाचं डोकं उडवायचं होतं. माझ्या दाढीचा वस्तरा नानांनी तीनदा खुंटाला लावला आणि तीनदा मागे घेतला.

"मास्तर, हाई इमानी जनावर शे. याले कसा कापू?"

"नाना, अक्कांची काडी उद्यापर्यंत टिकायची नाही."

नानांनी खुंटाला गुळाचा खडा भरवला, कानात म्हणजे फांदीत काहीतरी सांगितलं, डोळे मिटले आणि वस्तरा ओढला. डोळे मिटल्यामुळे आधी माझ्या सदऱ्याची बाही गेली. मग खुंट कापला, चीर दिली, अक्कांची शेवटची काडी तासून तिच्यात बसवली. बांधायला त्यांनी अक्कांच्या जुन्या लुगड्याची पट्टी काढली. मी म्हटलं, सुतळी आहे की. ते पट्टी गुंडाळतच राहिले.

एकवीस दिवस नाना दारातून हलले नाहीत. बाविसाव्या दिवशी काडीवर कोंब फुटला आणि नानांनी गावाला गूळ वाटला. पुढं खालून जंगली फुटवे यायचे, ते खुडताना नाना दटावायचे, "परत भुंकाले लागना का तू? चूप!"

मोरीजवळचा जुना वेल मात्र वाळून गेला.

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाला घड लागले. नानांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. मी चार ओळी जुळवत होतो, ते म्हणाले, "इतलंच लिखा. द्राक्षं लागनात."

आठवड्यानं कडुलिंबाखालून आरोळी आली. अक्कांचं पत्र मी वाचलं. नातू बालवाडीत जातो, सून नोकरीवर, घर सोडवत नाही. पुढच्या हंगामाला नक्की. द्राक्षं गोड आहेत का ते कळवा.

नाना उठले, फळीवरून दुसरं ताट काढलं, मोरीवर बसले आणि राख घेतली.

मला राहवेना. "नाना, आता कशाला? मोरीचा वेल तर वाळला. आणि तुमचं कुत्रं पाणी आपलं आपण शोधतं."

"वेलकरता नही, मास्तर." ते अक्कांच्या ताटाची कड घासत होते. "ती उनी ते म्हनी, इतला दिन मनं ताट कोन्ही घासंच नही?"

वाऱ्यानं मांडवावरची पानं सळसळली. नानांनी मान वर न करताच दटावलं, "चूप ऱ्हाय रे! घरनंच मानूस येनार शे." आणि दोन्ही ताटं शेजारी शेजारी उपडी घातली.