खांबेट्यांचा चाचणी कॉल

खांबेट्यांचा फोन अकरा सेकंदांत संपतो. "खांबेटे बोलतोय. चाचणी कॉल. नंबर चालू आहे. ठेवतो." लग्नकार्याची पत्रिका हातात पडली, की तिच्यावरचे सगळे नंबर ते आधी लावून बघतात. माझ्या मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेतला एक नंबर भलत्याच माणसाचा निघाला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आमच्या गुरुग्रामच्या कंपनीत ते सायबर सुरक्षेचे परीक्षक. सरकारने घालून दिलेले नियम प्रत्येक शाखा पाळते का, ते तपासायचं. कुणी "सब हो गया, सर" म्हटलं, की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचं, "दिखाइए." तपासणीच्या दिवशी चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला.

मी तिथला आयटी प्रमुख. आता कबूलच करतो. सायबर हल्ला झाला तर कुणाकुणाला फोन करायचा, त्या यादीतला एकही नंबर मी कधी लावून पाहिला नव्हता. 'दर महिन्याला तपासली' असं लिहून तीन वर्षं सही ठोकत होतो.

खांबेट्यांनी माझ्यासमोरच पहिला नंबर लावला. स्पीकरवर.

"बोला, भाजणी की मेतकूट?" आमचे सोमण! पूर्वी आमचे सर्व्हर सांभाळायचे, नोकरी सोडून केव्हाच पुण्याला गेलेले.

"हल्ला झाला तर सर्व्हर कोण बंद करणार?"

"ते नाही सांगता येणार हो. पण दोन किलोवर डिलिव्हरी फ्री."

खांबेट्यांनी दोन किलो भाजणी मागवली आणि अहवालात लिहिलं, 'असमाधानकारक'. मला एवढंच म्हणाले, "लावून बघत जा हो. माणसं हलतात."

तेव्हापासून दर एक तारखेला सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा. राहिलेल्या दुरुस्त्यांची चौकशी असणार, या शरमेने मी उचलत नसे.

मागच्या महिन्यात ते तापाने रजेवर होते. तोवर मी खरोखरच सगळे नंबर लावून यादी दुरुस्त केली होती. सही हवी म्हणून गाझियाबादच्या माझ्या घरून दिल्लीतल्या द्वारकेला त्यांच्या घरी गेलो. एकटेच राहतात. फ्रीजवर सुबक अक्षरात कागद: 'आपत्कालीन संपर्क'. खाली एकच नाव. माझं. पुढे महिनावार नोंदी. उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही.

"अहो, मग माझं नाव खोडलं का नाहीत?"

"खोडलं तर दुसरं लिहावं लागतं," ते पांघरूण सारखं करत म्हणाले. "आणि तुम्ही कामात असणार."



या एक तारखेला मी फोन हातात घेऊनच बसलो. पहिल्या रिंगला उचलला.

"खांबेटे बोलतोय. चाचणी कॉल. नंबर चालू आहे..." पुढचं 'ठेवतो' येईचना.

"ठेवू नका," मी म्हणालो. "भाजणी कशी निघाली?"

"उत्तम. पण एकट्याला दोन किलो म्हणजे... बरीच उरलीये."

"रविवारी आम्ही घरचे तिघं येतो. थालीपिठं लावू."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. अकरा सेकंद कधीच उलटून गेले होते.

"दिखाइए," खांबेटे म्हणाले.