सासूबाईंचा खटका

"वेष्टन पिवळं होतं. त्यावर पिवळं काहीतरी नक्की होतं," दागोबेर्तो आरीसा फोनमध्ये डोकं घालून म्हणाला. समोरची काळी कॉफी केव्हाच गार झाली होती.

"तेव्हा आपली भिंतही पिवळी होती," त्याची बायको नेल्फा कढईत मक्याच्या पिठाचे आरेपा सोडत म्हणाली. "मीसुद्धा पिवळा झगा घालायचे. त्या कंपनीनं मला पण परत बाजारात काढलंय का, बघ जरा."

ती कंपनी हॉलंडमधली. जगभरातल्या विसरलेल्या जुन्या तबकड्या शोधायच्या, धुऊनपुसून पुन्हा छापायच्या आणि पुढच्या महिन्यात काय काय येणार हे दर गुरुवारी जाहीर करायचं, हा तिचा उद्योग. जगातले रेकॉर्डवेडे गुरुवारची चातकासारखी वाट बघत. कोलंबियातल्या बारांकीयात राहणाऱ्या दागोची झोप मात्र बुधवारपासूनच उडायची.

कारण दागो पिकोवाला होता. त्याच्या अंगणात दोन माणसं उंचीचं, भडक रंगवलेलं स्पीकरांचं धूड, म्हणजेच पिको, उभं होतं. त्यावर कानांवर हात दाबून ओरडणारा एक माणूस काढला होता आणि खाली नाव होतं, 'एल सोर्दो', म्हणजे बहिरा. हा बहिरा वाजू लागला की चार गल्ल्यांपलीकडच्या खिडक्यांची तावदानं थरथरत. पण पिको नुसता मोठा असून भागत नाही. दुसऱ्या कुणाकडे नाही असं एक गाणं त्याच्याकडे असावं लागतं. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बोटीवरच्या खलाशांमार्फत यायचं. ते हाती आलं की पहिलं काम, तबकडीच्या मधला गोल कागद सुरीनं खरवडून टाकायचा. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि बाकी जे काही बारीक अक्षरांत असतं ते सगळं साफ. मग गाण्याला आपलं आपण एक नाव ठेवायचं. शत्रूनं जन्मभर शोधलं तरी त्याला ते गाणं मिळता कामा नये.

दागोच्या त्या गाण्याचं नाव होतं 'ला सुएग्रा', सासू. तीसेक वर्षांपूर्वी त्यानं ते पहिल्यांदा लावलं तेव्हा आतून एक बाई अशा काही चिरक्या आवाजात तडतडू लागली की दागो म्हणाला, "अरेच्चा, ही तर आमची दोन्या तुलिया!" त्या दिवसापासून सारं शहर नाचाच्या मांडवात "सासू लाव! सासू लाव!" म्हणून ओरडू लागलं. खऱ्या दोन्या तुलिया, म्हणजे नेल्फाची आई, तेव्हापासून जावयाच्याच घरी, झुलत्या खुर्चीत बसून होत्या. त्या चर्चला निघाल्या की पोरं त्यांच्यामागे तोच चिरका सूर धरत. त्यांनी जावयाला माफ केलं नव्हतं, आणि ते त्या लपवतही नव्हत्या.

आता घोडं पेंड खात होतं ते इथं. दागोनं कागद खरवडला होता, वेष्टन फाडून चुलीत घातलं होतं, आणि एवढा चोख बंदोबस्त केल्यावर खरं नाव तो स्वतःच विसरून गेला होता. त्यामुळे हॉलंडवाल्यांनी 'सासू' छापायला काढली तरी ती आलीय हे त्याला कळणार कसं? पुढच्या महिन्याच्या यादीत काँगोच्या किनाऱ्यावरच्या एका वाद्यवृंदाची तबकडी होती. वेष्टन पिवळं, त्यावर होडी. ऐकायला एक तुकडाही दिला नव्हता.

"तीच असली तर मेलो," तो म्हणाला. "कार्निव्हलच्या तोंडावर कुणीही सोम्यागोम्या सासू वाजवील. मग बहिऱ्याला कोण बोलावणार? कपाट म्हणून विकावा लागेल."

"अरे, फोनला गाणं ऐकव ना. तो नाव सांगतो हल्ली," नेल्फा म्हणाली.

"आणि त्यानं जगाला सांगितलं म्हणजे?"

तरी दुपारी न राहवून तो न्हाणीघरात शिरला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि लहान यंत्रावर 'सासू' हळू आवाजात लावून फोन पुढे धरला. फोननं बराच वेळ विचार केला आणि असलं गाणं आपल्याला ठाऊक नाही म्हणून हात वर केले. दागोला क्षणभर आनंदाचं भरतं आलं. मग लगेच त्याचा चेहरा पडला. ठाऊक नाही म्हणजे अजून निघालेलं नाही. अजून निघालेलं नाही म्हणजे आता निघणार!

"टॉवेल माझा होता," बाहेरून दोन्या तुलिया म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात ओसिरिसबाईंच्या टपरीवर गेला. परदेशातून नव्या तबकड्या मागवायच्या तर साऱ्या शहराला ओसिरिसबाईंवाचून गत्यंतर नव्हतं. दागोनं आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग नाकाला घाम फुटलेला असताना सहज विचारल्यासारखं केलं.

"ती पिवळी, होडीवाली येतेय ना, तिच्या किती मागवणार?"

"मागवीन चार-पाच. का?"

"सगळ्या मला द्या."

ओसिरिसबाईंनी चष्मा वर केला. "सगळ्या? एकच रेकॉर्ड पाच वेळा ऐकणार?"

"पुतणीचं लग्न आहे. आहेरात द्यायच्या आहेत."

"कुठली पुतणी? तुला भाऊच नाही."

"म्हणूनच तर काळजीनं द्यायच्या आहेत," असं काहीतरी बोलून दागो तिथून सटकला. पण व्हायचं ते होऊन बसलं. ओसिरिसबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत ही बातमी विल्फ्रिदो कासियानीच्या कानावर गेली. विल्फ्रिदो हा 'एल इन्सोपोर्ताब्ले', म्हणजे 'असह्य', या पिकोचा मालक. दागोचा जुना मित्र आणि त्याहून जुना वैरी. त्यानं ताबडतोब दहा तबकड्यांची मागणी नोंदवली. ते पाहून बाकीच्या पिकोवाल्यांनीही कान टवकारले. दागो ज्या तबकडीसाठी खोट्या पुतणीचं लग्न लावतो तिच्यात काहीतरी मोठं असणारच.

दागोला हे कळलं तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. तो तसाच विल्फ्रिदोकडे गेला.

"कोंपाद्रे, मित्र म्हणून सांगतो. ती पिवळी रेकॉर्ड अगदी टाकाऊ आहे. पैसे घालवू नकोस."

"म्हणजे तू ऐकलीयस!"

"छे! मी कुठे ऐकली?"

"मग टाकाऊ कशावरून?"

"वेष्टनावरून."

"होडी आहे त्यावर. होडीनं तुझं काय घोडं मारलंय?" विल्फ्रिदोनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "खरं सांग. सासू आहे ना तिच्यात?"

"सासू? हॅ! सासू कशी असेल?" दागो हसला. पण ते हसणं इतकं केविलवाणं होतं की विल्फ्रिदोनं आणखी दहा तबकड्या सांगून टाकल्या. दागोला काय करावं सुचेना, तेव्हा विषय बदलून तो आपल्या आवडीच्या विषयावर आला. "आपण दर्याकाठचे. गाणं जसं बनवलं तसं वाजवतो. त्या काली शहरवाल्यांसारखं तबकडी मुद्दाम जादा वेगानं गरागरा फिरवून माकडासारखं नाचत नाही. काय?" हे भाषण तो प्रत्येक मांडवात भोंग्यावरून करायचा. विल्फ्रिदोला ते पाठ होतं, पण तो सासूच्या आनंदात होता, त्यानं मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी फोन उघडून दागो मटकन खाली बसला. कोलंबियाच्या एकाच शहरातून आलेल्या प्रचंड मागणीमुळे होडीवाली तबकडी आम्ही दुप्पट छापत आहोत, असं हॉलंडवाल्यांनी आनंदानं कळवलं होतं. रेडिओवाल्यांनीही ते उचललं. विल्फ्रिदोनं कार्निव्हलच्या शनिवारची पत्रकं भिंतीभिंतींवर लावली, 'या वर्षी सासू आमच्याकडे.' दागोचं जेवणावरचं मन उडालं. तो अंगणात बहिऱ्याभोवती फेऱ्या मारी, त्याचे पडदे पुसून काढी आणि पुन्हा फेऱ्या मारी.

"बस जरा एका जागी," नेल्फा म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला गरगरतंय."

"माझी आयुष्यभराची कमाई आहे गं ती. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

नेल्फानं त्यावर थट्टा केली नाही. तिला त्याची खरंच कीव आली. खुर्चीतून दोन्या तुलिया मात्र म्हणाल्या, "आता घरोघरी सासू येणार म्हणायची. माझ्या एकटीचीच बदनामी कशाला?"

खोकी आली त्या दिवशी ओसिरिसबाईंच्या टपरीसमोर ही झुंबड उडाली. सगळे पिकोवाले आपापली माणसं घेऊन हजर होते. दागो फासावर चढल्यासारखा कडेला उभा राहिला. विल्फ्रिदोनं पहिलं खोकं फोडलं, तबकडी काढली, मधल्या कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यांना दाखवत यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली.

आतून एक खर्जातला पुरुषी आवाज निघाला. संथ, जड. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. गिटार मागे रेंगाळत होती. सगळे वाट बघत राहिले, आता ती तडतडणारी बाई येईल, मग येईल. बाई आली नाही. पहिलं गाणं संपलं, दुसरं त्याहून संथ निघालं. तबकडी उलटली तरी तोच बुवा कळवळून गात होता.

"ही सासू?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हा तर सासरा आहे! आणि तोही अंथरुणाला खिळलेला!"

हशा पिकला. विल्फ्रिदोचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यानं दागोकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. "कोंपाद्रे! पुतणीचं लग्न! टाकाऊ आहे, घेऊ नकोस म्हणालास! मला वीस रेकॉर्डी घ्यायला लावण्यासाठी केलंस होय हे सगळं?"

दागोला नाही म्हणायचं होतं. पण सगळे त्याच्या पाठीवर थापा मारू लागले, तेव्हा त्यानं छाती पुढे काढली. "सांगितलं होतं ना रे तुला? ऐकायचं होतंस."

त्यालाही त्याच्या नावानं राखलेली एक तबकडी घ्यावी लागलीच. ती काखेत मारून तो शीळ घालत घरी आला. कित्येक दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली होती.

"लाव बघू," दोन्या तुलिया म्हणाल्या. "सासरा आहे म्हणे. ऐकू दे."

आरेपा खात दागोनं ती लावली. दोन्या तुलियांनी डोळे मिटले आणि खुर्ची त्या तालावर झुलू लागली. "किती गोड गातोय माणूस," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात गाणं. नाहीतर तुझी ती केकाटणारी भवानी."

दुसऱ्या गाण्यात गिटारचा एक तुकडा आला आणि दागोचा घास तोंडातच राहिला. त्याची बोटं टेबलावर आपोआप वाजत होती. तो तुकडा त्याच्या बोटांना ठाऊक होता. तो उठला, यंत्रापाशी गेला आणि वेगाचा खटका मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवरून पंचेचाळीसवर नेला.

खोलीत सासू तडतडू लागली.

दागोनं झटकन खटका मागे ओढला. बुवा पुन्हा खर्जात कळवळला. पुढे केला, सासू. मागे, बुवा. बारीक अक्षरांत वेगही लिहिलेला असतो, आणि सुरीनं त्यानं तोही खरवडून टाकला होता! कालीवाल्यांना माकडं म्हणणाऱ्या माणसानं तीस वर्षं एका गंभीर, दुःखी गृहस्थाला केकाटायला लावलं होतं. त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आता ती तबकडी शहरातल्या प्रत्येक पिकोवाल्याच्या घरात पडलेली होती, एका खटक्याच्या अंतरावर.

त्यानं वळून बघितलं. खुर्ची झुलायची थांबली होती. दोन्या तुलियांचे डोळे टक्क उघडे होते.

"म्हणजे ती मी नव्हतेच," त्या सावकाश म्हणाल्या. "तो हा बाप्या होता."

"दोन्या तुलिया, तुमच्या पाया पडतो. कुणापाशी बोलू नका."

"तीस वर्षं, दागो. चर्चला जाताना, येताना."

"चुकलं माझं. खरंच चुकलं. काय म्हणाल ते करतो."

दोन्या तुलियांनी पुन्हा डोळे मिटले. "बघू," त्या म्हणाल्या. तो 'बघू' दागोच्या जिवाला आठवडाभर कुरतडत राहिला.

कार्निव्हलच्या शनिवारी दुपारपासूनच बहिऱ्यासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. फजिती विसरून विल्फ्रिदोही आला होता. आणि यंत्राशेजारी, आयुष्यात पहिल्यांदा, झुलती खुर्ची टाकून दोन्या तुलिया बसल्या होत्या. मांडीवर पिवळी तबकडी होती.

"सासू! सासू! सासू लाव!" लोक ओरडू लागले.

दागोनं वाकून विचारलं, "काय हुकूम?"

"आधी माझं लाव."

दागोनं गपगुमान पिवळी तबकडी चढवली. बहिऱ्याच्या अजस्र तोंडातून तो खर्जातला विलाप गल्लीभर पसरला. नाचायला उचललेले पाय जागच्या जागी थांबले. कोण गेलं ते न कळून विल्फ्रिदोनं डोक्यावरची टोपी काढली. दोन्या तुलियांचा अंगठा वेगाच्या खटक्यावर हलकेच टेकला होता, आणि दागोची नजर त्या अंगठ्यावरून हलत नव्हती.

"दोन्या तुलिया," तो घाम पुसत पुटपुटला, "लोक खोळंबलेत. आता सासू लावू?"

"सासूच लागलीय, बाळा," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश चाललीय, इतकंच."