बिजागरी सरळ निघाली त्याची गोष्ट

"कापायच्या आधी एक सांगू का, बाई?" करवतीचं पातं आवळत ओस्वाल्डनं विचारलं.

स्वेन्या ओस्टरटाग लगबगीनं करवतीपाशी आली. लाइनवेबर साहेबांच्या कारखान्यात ती अजून उमेदवारीवर होती आणि नोकरी टिकणं न टिकणं या बिजागरीवर होतं. बिजागरी विमानाच्या दाराची, लेसरनं धातूची भुकटी वितळवत थरावर थर चढवून केलेली. असा धातू थंड होताना आकसतो नि कडा वर उचलतो. किती उचलेल ते आधीच ताडायचं आणि आराखडा तेवढाच खाली वाकवून ठेवायचा, म्हणजे नग सरळ निघतो. स्वेन्याला पगार याचाच होता. तिनं आराखडा दोन मिलिमीटर वाकवला होता.

"यंत्र सुरू करताना मी आपला सवयीनं आराखडा दोन मिलिमीटर वाकवून घेतलाय," ओस्वाल्ड म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरवर माझा भरवसा नाही."

"अहो, मी वाकवला होताच."

"मग चार झाले," ओस्वाल्ड शांतपणे म्हणाला.

नग खालच्या जाड प्लेटीला जखडलेला असतो तोवर गरीब गाय. सुटला की खरा स्वभाव दाखवतो. आणि तो बघायला विमान कंपनीचे श्टिग्लर पोलादी पट्टी घेऊन उभेच होते.

"पातं बदलू या का?" स्वेन्यानं विचारलं.

"कालच बदललंय," लाइनवेबर साहेब ब्रेट्झेलचा खारा पाव चावत म्हणाले. "चालू द्या."

"ओस्वाल्ड, राजीनामा तोंडी चालतो का हो?" ती कुजबुजली.

"छे. आपल्याकडे लेखीच लागतो."

करवत फिरली. नग सुटला. श्टिग्लरांनी पट्टी टेकवून उजेडाकडे धरली. स्वेन्यानं डोळे मिटले.

"तक्रार नाही," श्टिग्लर म्हणाले. दक्षिण जर्मनीतला श्वाबी माणूस स्तुतीत याच्यापुढे जात नाही.

स्वेन्या आणखीच घाबरली. चार मिलिमीटर वाकवलेला नग सरळ निघतो म्हणजे तिचं गणित निम्म्यानं चुकलेलं. तेवढ्यात साहेबांनी तिला कपाटाआड घेतलं.

"रागावू नका हं, बाई. तुमचा आराखडा वाकडा दिसला. दमली असेल बिचारी, म्हटलं. आणि ओस्वाल्डकडे जायच्या आत गुपचूप सरळ केला."

"नग मंजूर," पलीकडून श्टिग्लरांचा आवाज आला. "आता विमानाचा नियम. हा जसा बनला तसाच पुढचा प्रत्येक बनणार, एकही पायरी गाळायची नाही. काय काय केलंत, क्रमानं सांगा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विमानाच्या कामात खोटं बोललं की तुरुंग. तिघांनी खरं ते सांगितलं. श्टिग्लरांनी चेहरा न हलवता लिहून घेतलं.

स्वेन्याची नोकरी पक्की झाली. आता दर नगाला ती आराखडा वाकवते, साहेब तो सरळ करतात, ओस्वाल्ड पुन्हा वाकवतो. उन्हाळ्यात साहेब सुटीवर गेले, तेव्हा सरळ करायला एक हंगामी तज्ज्ञ नेमावा लागला.