जिन्यापलीकडचे बांगर सर

बांगर सरांपुढं कुणी साधं "आज नारायणगावची एस.टी. उशिरा आहे" असं म्हटलं, तरी ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुणाला विचारलं?"

हे घरात ठीक होतं. पण मंचरला एकदा आमच्या ओळखीतल्या अण्णांची दशक्रिया होती. भाषण करणारे पाहुणे गहिवरून म्हणाले, "अण्णांनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही." माझ्या शेजारी बसलेले सर चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "कुणाला विचारलं?" अण्णांचे दोन्ही मेहुणे उपरण्यात तोंड घालून हसायला लागले आणि मला उगाचच खोकावं लागलं. घरी जाताना सर म्हणाले, "भाऊसाहेब, मेव्हण्यांना विचारायला पायजेल व्हतं. खरी माहिती तिथं व्हती."

बांगर सर मूळचे पेठचे. मुंबईत एका मोठ्या बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासायचं काम करत. वेळेआधीच नोकरी सोडून ते गावाकडं आले आणि मंचरच्या एस.टी. स्टँडजवळ, माझ्या क्लासच्याच माडीवर, जिन्याच्या पलीकडच्या खोलीत त्यांनी क्लास काढला. पाटीवर लिहिलं होतं : 'वित्तक्षेत्रातील नोकरीसाठी : माहिती काढणे, लिहिणे, सांगणे.'

ती पाटी वाचून मी पोट धरून हसलो होतो. माझा कॉम्प्युटरवर हिशेब शिकवायचा क्लास होता. जमाना कॉम्प्युटरचा होता. माहिती काढायला आणि सांगायला कोण फी भरणार? ते तर आमच्या पारावर फुकट चालायचं.

पहिल्या वर्षी त्यांच्या दारात चार-दोन चपला दिसायच्या. दुसऱ्या वर्षी चपला जिन्यापर्यंत आल्या. मग माझ्या दारापर्यंत. तिसऱ्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांना आपल्या चपला कुठं काढाव्यात हा प्रश्न पडू लागला; आणि त्यांतल्या काहींनी तो पलीकडच्या क्लासात नाव घालून सोडवला.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. पुस्तकं ते कपाटात कुलूप लावून ठेवत. "पुस्तक कुठं जात न्हाई. व्यापारी मात्र आत्ता टेम्पोत बसून निघून जाईल," असं म्हणून पोरांना पहाटे टोमॅटोच्या बाजारात पिटाळत. एकाला विचारून आलेल्याला परत पाठवत. "आता याच्या उलट बोलणारा शोधून आण." एखाद्या कंपनीचा ताळेबंद वाचला, की पोरानं खाली रफीकभाईंच्या खताच्या दुकानात जायचं आणि ती कंपनी कशी आहे ते त्यांना तीन वाक्यांत सांगायचं. "चौथ्या वाक्याला रफीकभाई गिऱ्हाइकाकडं बघायला लागतात," हा सरांचा नियम.

रफीकभाई मुळात जुन्नरचे, अतिशय भिडस्त. सुरुवातीला ते सगळ्यांनाच "समजलं, बेटा, समजलं" म्हणायचे. सरांनी त्यांना तंबी दिली, "न समजता मान हलवली तर पोरांच्या नोकऱ्या जातील." तेव्हापासून रफीकभाई इतके कडक झाले, की युरिया घ्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही विचारायचे, "रक्कम अडकून पडणार का फिरती राहणार, आधी ते सांगा." तो बिचारा शेजारच्या दुकानात जायचा.

मी हे सगळं पाहत होतो आणि आतून पेटत होतो. मी पाटीभोवती रंगीत दिवे लावले. इंग्रजी बोलण्याचा वर्ग मोफत जोडला. एकदा मधल्या सुट्टीत तर त्यांच्या खोलीच्या भिंतीला कान लावून ते नक्की काय शिकवतात ते ऐकत होतो. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. म्हणाली, "एवढं शिकताय त्यांच्याकडनं, तर फी तरी भरा."

पण खरा घाव पुढं बसला. माझी मुलगी वर्षा बी. कॉम. झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीतून तिला बोलावणं आलं. लोकांनी पैसा कुठं गुंतवावा याचा अभ्यास करून सल्ला देणारी कंपनी. पहिली मुलाखत पार पडली. दुसरीला जाताना आपल्या भागातल्या एखाद्या धंद्याचा अभ्यास करून अहवाल न्यायचा होता आणि तो साहेबांपुढं उभं राहून सांगायचा होता.

मी बाह्या सरसावून म्हणालो, "चल, मी तयारी करून घेतो."

"नको, पप्पा. मी बांगर सरांकडं जाते."

"का? बाप काय अडाणी आहे का?"

"तसं नाही. तुम्ही लगेच उत्तर सांगून टाकता. मला शोधूच देत नाही."

त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. पुढं तर रोज ताटावर 'सर असं म्हणाले' आणि 'सर तसं म्हणाले'. एकदा आमटीत मीठ कमी आहे असं मी म्हणालो, तर ती पोरगी मला म्हणते, "आईला आणि दादालाही तसंच वाटतंय का, ते आधी बघू या." मी ताटावरून उठलो.

मुलाखतीच्या आधी सरांनी तालीम ठेवली. ऐकायला विद्यार्थी होते, दुकान बंद करून रफीकभाई आले होते आणि मला खास निमंत्रण होतं. वर्षा उभी राहिली. हातात कागद होते, पण त्यांत बघत नव्हती. म्हणाली, "माझा विषय : मंचर भागातला कॉम्प्युटर क्लासचा धंदा."

मी ताठ झालो. सरांकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. सरतेशेवटी पोरीनं बापाचाच धंदा निवडला होता!

ती पुढं म्हणाली, "हा धंदा आता आहे तसा फार काळ चालणार नाही."

मग तिनं कारणं सांगितली. कॉलेजात कॉम्प्युटर येत होते. पोरं सायबर कॅफेत बसून आपापलं शिकत होती. माझा क्लास सोडून गेलेल्या मुलांना ती घरोघर जाऊन भेटली होती. मला न सांगितलेलं त्यांनी तिला सांगितलं होतं. आवाज कुठं कापला नाही, फक्त ती माझ्याकडं बघत नव्हती. रफीकभाई पंख्याकडं बघत होते. शेवटी म्हणाली, "या धंद्यातल्या माणसानं आत्ता बदल केला तर वेळ आहे. उशीर केला तर फार अवघड होईल." आणि खाली बसली.

एरवी प्रत्येक तालमीनंतर प्रश्नांचा भडिमार करणारे सर त्या दिवशी "झालं, जावा घरी," एवढंच म्हणाले.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "चपला नेल्या, पोरं नेली. आता माझी लेकसुद्धा माझ्याविरुद्ध उभी केलीत?"

"मी तिला टोमॅटोचा विषय दिला व्हता, भाऊसाहेब," सर हळूच म्हणाले. "तिनं ऐकलं न्हाई. म्हणली, घरी सांगायला गेलं की पप्पा ओरडतात. हितं चारचौघांत निदान शेवटपर्यंत ऐकून तरी घेतील."

सर पोरांच्या बाकावर बसले. चष्मा काढून पुसत राहिले.

"माझा मुलगा मुंबईत हाय. लई हुशार. मी रागाच्या भरात नोकरी सोडली, तवा मी चुकतोय हे त्याला दिसत व्हतं. त्यानं सांगितलं न्हाई. 'तुमचं तुम्ही बघा' म्हणला. त्याची आई गेल्यापासून आमचं बोलणं 'बरं हाय ना?' आणि 'बरं हाय' एवढंच." चष्मा परत डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "तुमी माझा हेवा करता, मला कळतं. आज ती बोलत असताना मी तुमचा करत व्हतो."

खालून चहा आला. मला वाटलं, विषय संपला. पण कप हातात धरून सरांनी संकोचत विचारलं, "घरी रागावली की काय काय म्हणते ती तुमाला?"

मी सांगायला लागलो. ती ताट कसं आपटते, दार लावून कशी बसते, मग दारातूनच "पप्पा, आधी ऐका तरी" कशी ओरडते. सर पुढं झुकून ऐकत होते. "मग तुमी काय म्हणला? मग ती?"

वर्षाला ती नोकरी मिळाली. ती पुण्याला गेली. क्लासात काय बदल करायचा यावरून आम्ही दोघं फोनवर कडाकडा भांडायचो. संध्याकाळी क्लास सुटला, की सर जिना ओलांडून माझ्या दारात यायचे. "काय म्हणली आज?"

मी सांगायचो. एखाद्या आठवड्यात कामाच्या गडबडीत तिचा फोन यायचा नाही. तेव्हा मी मनानंच एक भांडण रचून, तिखटमीठ लावून सांगायचो. सर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, "पोरगी बरोबर बोलली," म्हणायचे आणि पेठची गाडी पकडायला समाधानानं जिना उतरायचे.