बिनखताची ओळ

डोंगरकडा गावच्या रामकिशननं आयुष्यात एकही वस्तू पारखल्याशिवाय घेतली नव्हती, आणि ही गोष्ट तो समोरच्यानं विचारायच्या आत सांगत असे. "आपण फसत न्हाई!" बैल घ्यायचा तर तो आधी दोन दिवस आपल्या गोठ्यात बांधून बघायचा. सोयाबीनला नवं खत आलं की काही ओळींना हे खत, काही ओळींना ते, आणि एक ओळ बिनखताची. "बिनखताची ओळ लई महत्त्वाची," तो सांगायचा. "ती नसली तर पीक खतानं वाढलं का देवानं वाढवलं, ते कळत न्हाई." थोरल्या लेकीला स्थळ आलं तेव्हा नवऱ्या मुलाला त्यानं चार दिवस हळद काढायला बोलावून घेतलं होतं. पोरगं टिकलं. लग्न झालं.

अशा माणसाचे गुडघे २००६ सालच्या मार्चात कुरकुरायला लागले. नांदेडच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला, मग रामकिशनला काट्यावर उभं केलं. एकशे दोन किलो! "दोन महिन्यांत दहा किलो उतरवा," डॉक्टर म्हणाला, "नाहीतर ऑपरेशन." रामकिशन ऑपरेशनला भीत नव्हता. फक्त ते आधी चार दिवस घरी नेऊन बघता येत नाही, याची त्याला तकलीफ होती.

वजन उतरवायचे त्या काळी आसपास दोन रस्ते होते. एक भारत. हा आधी विमा विकायचा, आता पावडर विकायचा. छातीवर बिल्ला लावून हिंडायचा, 'मी बारा किलो उतरलो!' दुसरा रस्ता हिंगोलीत. तिथं रागिणी मॅडमनं केंद्र काढलं होतं. कमरेला पट्टा लावून माणसाला गदागदा हलवणारं मशीन आणि उकडलेल्या खाण्याचा तक्ता, असा दुहेरी मारा होता. मशीन महिन्याच्या भाड्यानं घरीही मिळायचं.

रामकिशननं शंभर पानी वही घेतली, मधोमध रेघ ओढली आणि फायदे-तोटे लिहायला बसला. पावडरीचा फायदा, वीज लागत नाही. तोटा, चव ओल्या खडूसारखी. मशीनचा फायदा, बसल्या जागी काम. तोटा, आठ-आठ तास लोडशेडिंग. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच भरल्या.

"वहीत उगवत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पेरूनच बघावं लागंल."

पावडर त्यानं स्वतःवर घ्यायचं ठरवलं. मशीनसाठी माणूस हवा होता. म्हणून जवळा बाजार गावाहून मेव्हणा मागवला. रामकिशनच्या बायकोचा, शालूबाईचा, हा धाकटा भाऊ हनुमान आडत दुकान चालवायचा. हंगाम संपला होता, दुकान बायकोच्या, साधनाच्या, भरवशावर टाकून तो आनंदानं आला. दारात आधी पोट आलं, मग पिशवी, मग हनुमान. पंच्याण्णव किलो!

"अन् बिनखताची ओळ?" हनुमाननं विचारलं.

दोघांनी एकदमच चुलीकडं पाहिलं.

"मला काहून मोजता?" शालूबाई कडाडली. "मी काय सोयाबीन हाय?"

"तुला काईच करायचं न्हाई," रामकिशन समजावणीच्या सुरात म्हणाला. "पावडर न्हाई, मशीन न्हाई. जशी ऱ्हातीस तशी ऱ्हा."

शालूबाई भरली त्र्याऐंशी.

दर रविवारी गावच्या गोदामातल्या काट्यावर तोल व्हायचा. पंच म्हणून शेजारचा खेमा मेंढपाळ ठरला. खेमानं जन्मभर मेंढरं विकली होती आणि त्याला कुणाच्याच वजनाचं सुखदुःख नव्हतं.

प्रयोग सुरू झाला. भारतनं पावडरीचा डबा हातात देताना बजावलं होतं, "भाऊ, एकच नियम. ही जेवणाच्या जागी घ्यायची!" त्याला म्हणायचं होतं, जेवणाऐवजी. पण रामकिशन नियमाला पक्का. दोन्ही वेळा हातपाय धुऊन तो जेवणाच्या जागी, म्हणजे चुलीसमोरच्या पाटावर, मांडी घालून बसायचा आणि तांब्याभर दुधात कालवलेली पावडर घटाघटा प्यायचा. मग तिथंच बसून जेवायचा. पावडरीची चव जावी म्हणून एक भाकरी जास्त लागायची.

मध्ये भारत चौकशीला आला. "जेवणाच्या जागीच घेता ना, भाऊ?"

"म्हंजे काय! एक दिवस जागा बदलली न्हाई."

"शाब्बास!" भारत म्हणाला आणि खूश होऊन गेला.

हनुमानही तक्त्याला तेवढाच पक्का होता. तक्त्यात दर दोन तासांनी खाणं होतं, म्हणजे दिवसातून सहा वेळा. एक वाटी उकडलेले मूग, एक वाटी उकडलेल्या शेंगा, एक वाटी दुधीचं सूप. वाटी केवढी ते लिहायचं मॅडम विसरल्या होत्या. हनुमाननं घरातली वरणाची वाटी निवडली, जिच्यात शालूबाई एरवी पाच माणसांचं वरण काढायची. शेवटी लिहिलं होतं, 'फळे हवी तेवढी'. आणि डोंगरकडा हे केळीचं गाव! मशीन दहाला वीज आली की सुरू व्हायचं. पट्टा लावून हनुमान असा थरथरायचा की फळीवरचे डबे नाचायला लागायचे. अर्ध्या तासानं तो घामाघूम होऊन हाक मारायचा, "आक्का, अशक्तपणा वाटून राहिला, सूप आण!"

शालूबाई मात्र ठरल्याप्रमाणे काहीच करत नव्हती. म्हणजे पहाटे म्हैस पिळायची, कारण पावडरीला दूध लागायचं. मग भाकरी, कालवण, मूग, शेंगा, सूप. वीज गेली की मोटार बंद, मग विहिरीवरून दहा कळश्या. दुधी संपला की बाजार. हनुमानच्या सहा वेळा आणि रामकिशनच्या दोन, आठ पंगती उठवेपर्यंत दिवस मावळायचा. तिचं स्वतःचं जेवण उभ्यानं, एका हातात भाकरी अन् दुसऱ्या हातात चुलीची फुंकणी. ते कुणी वहीत लिहिलं नाही. बिनखताच्या ओळीत बघायला काय असतं!

तिसऱ्या रविवारी रामकिशन भरला एकशे तीन. हनुमान सत्त्याण्णव. शालूबाई एकोणऐंशी.

"काटा बिघडला!" रामकिशन ओरडला.

"कालच मेंढा तोलला म्या," खेमा म्हणाला. "काटा बराबर हाय. वैनी उतरली."

"ती कशी उतरंल? तिला काई दिलंच न्हाई!"

"भाऊ, बोकड दावणीला बांधून चारला की वाढतो. शेळी रानोमाळ हिंडली की वाळती."

"बोकडाचं येगळं, शास्त्राचं येगळं," रामकिशन म्हणाला आणि आकडे वहीत उतरवून घेतले.

पाचव्या रविवारी तो एकशे चार झाला. हनुमान अठ्ठ्याण्णव. शालूबाई शहात्तर! तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या होत्या. त्या दिवशी रामकिशन बराच वेळ वहीकडं बघत बसला आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असं शेतात एकदा झालं होतं. पावसात शेजारच्या ओळीतलं खत वाहून बिनखताच्या ओळीत गेलं होतं.

"हनुमान," तो हळूच म्हणाला, "ही माझी पावडर चोरून खाती."

"अन् दुपारी आपण झोपलो की माझ्या मशीनवर बी बसत असंल," हनुमान म्हणाला. "तरीच पट्टा सैल झाला!"

दुसऱ्या दिवशी पावडरीचा डबा ट्रंकेत गेला आणि ट्रंकेला कुलूप लागलं. शालूबाई दुधाचा तांब्या घेऊन आली ती कुलपापाशी थबकली.

"हे काहून?"

"कसं हाय शालू," रामकिशन म्हणाला, "तू घेतली असशील तर घेतली म्हण. मी रागावत न्हाई. फकस्त वहीत तशी नोंद करावी लागंल."

शालूबाईनं तांब्या खाली ठेवला. "अठ्ठावीस वर्सं या घरातल्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला हाय," ती म्हणाली. "अन् आता पिठाच्या डब्याला कुलूप?" एवढंच! आदळआपट नाही, रडणं नाही. तिनं कमरेची किल्ली सोडून पाटावर ठेवली, पिशवी भरली आणि दहाच्या एसटीनं माहेरी, जवळा बाजारला निघून गेली. हनुमान त्या वेळी पट्ट्यात अडकलेला होता. आडवं जावं की मशीन बंद करावं, हे त्याचं ठरेपर्यंत एसटी गेली.

"येईल दोन दिसांत," रामकिशन म्हणाला.

पहिल्याच संध्याकाळी म्हशीनं त्याला लाथ मारली. तिला शालूबाईखेरीज कुणाचा हात ठाऊक नव्हता. दूध नाही म्हणून पावडर बंद झाली. हनुमाननं मूग उकडायला ठेवले, ते खाली करपले आणि वर कच्चे राहिले. रामकिशननं थापलेली पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत तीन ठिकाणी फाटली. दुसरी निघाली, पण ती खेमाच्या कुत्र्यानंही हुंगून सोडली. विहिरीवरून पाणी आणायचं, शेण काढायचं, भांडी घासायची, म्हशीच्या पाया पडायचं, यात दहाची वीज कधी आली आणि कधी गेली ते कळत नव्हतं. मशीनवर धूळ बसली. रात्री दोघं केळं खाऊन पडायचे, आणि चौथ्या दिवशी केळ्याचाही वीट आला.

सवयीनं रविवारी तोल झाला. खेमानं वजनं दोनदा बदलली, दोनदा वाचली. रामकिशन शंभर. हनुमान पंच्याण्णव. एका आठवड्यात एकाचे चार किलो गेले होते, दुसऱ्याचे तीन!

"दाजी!" हनुमान हरखला. "कशानं झालं हे?"

रामकिशननं वही उघडली. तो प्रामाणिक माणूस होता. पावडर बंद, मशीन बंद, म्हणजे वजन उतरवणारी गोष्ट उरली एकच. त्यानं वहीचं नवं पान काढलं, मधोमध रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'शालू घरी नसण्याचे फायदे-तोटे.' फायद्यात लिहिलं, चार किलो. अजून दोन आठवडे ती आली नाही तर ऑपरेशन टळतं. मग तो तोट्याकडं वळला. चहा. म्हैस. भाकरी. इथं त्याची पेन्सिल थांबली. बऱ्याच वेळानं त्यानं लिहिलं, 'घरात कुणी "हे काहून?" म्हणून विचारत नाही.' ते वाचून त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं पान दुमडलं, वही खिशात कोंबली आणि म्हणाला, "हनुमान, चल. आणायला जायचं हाय."

"अन् ऑपरेशन?"

"कापू दे."

एसटीत तो सगळा रस्ता बोलायचं घोकत होता. माझं चुकलं. तू पावडर खाल्ली न्हाईस. तुझं वजन का उतरलं ते मला कळलं.

आडत दुकानाच्या मागं हनुमानचं घर होतं. शालूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, शेजारी साधना. आठ दिवसांत शालूबाईच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. तिनं मान वर केली. राग तयारच होता, पण समोर उभा असलेला नवरा बघून तो तोंडातच राहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल, मनगटावर भाजल्याचा डाग.

"अगं बाई! ही काय दशा!" तिच्या हातातली शेंग पडली. "साधना, बघ गं! आठ दिवसांत माणूस अर्धा झाला! कुठं मला चोर म्हणायला गेले अन् जिवाला लावून घेतलं!"

"माझं चुकलं, शालू," रामकिशन म्हणाला. "त्याचं असं झालं..."

"काई बोलू नका. आधी बसा."

तिनं स्वतः तवा ठेवला. गरम धपाटं, वर लोण्याचा गोळा, बाजूला दही. रामकिशनचा हात वहीकडं गेला. खरं काय ते आत्ताच सांगायला हवं होतं. त्यानं शालूबाईकडं पाहिलं. ती पदरानं डोळे टिपत दुसरं धपाटं थापत होती.

"जेवण जातच नसंल तुम्हाला," ती म्हणाली.

"जेवणच नव्हतं गं," रामकिशन म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं. शालूबाईनं त्याचा तिला हवा तो अर्थ घेतला आणि लोण्याचा आणखी एक गोळा वाढला.

इथवर सगळं ठीक झालं असतं. पण साधना एवढा वेळ दाराशी उभी होती, आणि तिची नजर रामकिशनवरून हळूहळू आपल्या नवऱ्याकडं सरकत होती.

"इकडं या," ती हनुमानला म्हणाली. दुकानातला काटा दोन पावलांवर होता. "उभे ऱ्हा."

पंच्याण्णव.

"गेले तवा किती होते?"

"पंच्याण्णव," हनुमान म्हणाला.

"बघा आक्का!" साधनाचा आवाज चढला. "दाजी आठ दिसांत वाळून गेले बायकोवाचून. अन् हे? दीड महिना मी हितं एकली दुकान बघून राहिले, अन् यांचं तोळाभर उतरलं न्हाई!"

"आगं, तसं न्हाई!" हनुमान घाईनं म्हणाला. "मधी मी अठ्ठ्याण्णव झालो होतो!"

 नुसता तवा चरचरत होता.

"म्हंजे माझ्यावाचून तीन किलो *वाढले* होते?"

हनुमानला घाम फुटला. "दाजी, वही काढा! समदं लिहिलेलं हाय! हे तीन किलो कसे उतरले, ते वाचून दाखवा हिला!"

तिघंही रामकिशनकडं बघू लागली. शालूबाईच्या हातात तिसरं धपाटं होतं. रामकिशननं ताट जरा पुढं सरकवलं.

"वही?" तो म्हणाला. "कोणती वही?"