गोळ्यांच्या गाडीतला फिरकीचा डबा

हे इमारतीबाहेर कुणाला सांगायचं नाही, असं शिर्केकाकूंनी मला दोनदा बजावलं आहे, पण भास्कर गोळे यांच्या गाडीचं इंजिन घरी आलेला डबा रिकामा परत पाठवत नाही. काकूंचं म्हणणं असं, की हे पसरलं तर पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्यांना वाईट वाटेल. त्यांना कुणी कधी डबा दिलेलाच नाही.

भास्कररावांची ही पहिली गाडी. नागपूरच्या एका घरातून जुनी म्हणून घेतलेली. सपाटीला ती चांगली चालायची, पण साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायला लागली की मागून निळा धूर सोडायची. मागचे दुचाकीवाले पुढे जाताना वळून बघायचे, आणि काही नुसतं बघून थांबायचे नाहीत.

मेकॅनिकने बॉनेट उघडून एअर फिल्टर बाहेर काढला. तो तेलात बुडवल्यासारखा झाला होता.

"साहेब, इंजिन ढेकर देतंय," तो म्हणाला. "ढेकराबरोबर तेलाची वाफ येते. ती ह्या नळीतनं फिल्टरमध्ये जाते आणि तिथनं परत त्याच्याच पोटात. आपलाच ढेकर आपण गिळायचा म्हटल्यावर कुणाची तब्येत राहील?"

भास्कररावांच्या पत्नी वैजयंतीबाईंना गाडी ठेवायला हे कारण पुरेसं वाटलं नाही. "रविवारी धैर्यशील गिऱ्हाईक घेऊन येतोय," त्या म्हणाल्या. धैर्यशील हा त्यांचा धाकटा भाऊ, आणि जुन्या गाड्या हा त्याचा धंदा. "शेजारीपाजारी नाकाला पदर लावून जातात. मला नाही सहन होत."

"आणि धूर थांबला तर?"

"थांबला तर बघू."

भास्कररावांनी या 'बघू'ला घट्ट धरलं.

उपाय तसा सोपा होता. नळीच्या वाटेत एक डबा बसवायचा. इंजिनातली वाफ एका बाजूने डब्यात शिरते, आत तारेच्या घासणीत अडकते, तेल तळाशी बसतं आणि कोरडी हवा दुसऱ्या बाजूने पुढे जाते. असा डबा बाजारात तयार मिळतो. पण भास्करराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, आणि धरणाचा नकाशा काढणाऱ्या माणसाने डबा विकत आणावा हे त्यांना पटेना. त्यांनी आधी डब्याचा नकाशा काढला. मग डबा शोधायला ते स्वयंपाकघरात गेले.

वैजयंतीबाईंच्या डब्यांना हात लावायची सोय नव्हती. वरच्या फळीवर मात्र एक स्टीलचा फिरकीचा डबा दिवाळीपासून नुसता बसून होता. तो समोरच्या शिर्केकाकूंचा. त्यातून अनारसे आले होते, आणि अनारशांच्या तोडीचं काही घरात होईपर्यंत तो परत द्यायचा नाही असं वैजयंतीबाईंनी ठरवलं होतं. डब्याच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. इंदुमती शिर्के. भास्कररावांनी झाकण फिरवून बघितलं. ते असं घट्ट बसलं की त्यांना वाचायचं भान राहिलं नाही.

झाकणाला त्यांनी दोन भोकं पाडली आणि पितळी तोट्या बसवल्या. एक आत खोलवर जाणारी, दुसरी आखूड, म्हणजे साचलेलं तेल पुन्हा वर चढणार नाही. भोवती एम-सील दाबलं. डब्यात भांडी घासायची तारेची घासणी ठेवली आणि ती तळाला जाऊ नये म्हणून खाली चहाची जुनी गाळणी अडकवली. बॅटरीशेजारी पत्र्याची पट्टी आवळून डबा उभा केला, नळ्या जोडल्या, क्लिपा पिळल्या आणि संध्याकाळी ते एकटेच घाट चढून कासच्या रस्त्याला लागून परत आले. धूर नव्हता. एक दुचाकीवाला पुढे जाताना वळला आणि काहीच न बोलता गेला.

खाली येऊन त्यांनी डबा उघडला. आत चमचाभर काळं तेल असेल अशी त्यांची अपेक्षा होती. आत बेसनाचे चार लाडू होते.

लाडू कसे आले याचा भास्कररावांनी विचार केला. तोटीचं तोंड करंगळीएवढं, लाडू लिंबाएवढे. पण घासणी जागेवर होती, गाळणी जागेवर होती, तेलाचा डाग कुठे नव्हता. काम चोख झालं होतं, तेव्हा पुढे विचार करण्यासारखं काही राहिलं नाही. ते लाडू घेऊन वर गेले.

वैजयंतीबाईंनी एक मोडून बघितला. "बेसन छान भाजलंय. कुठे लागलं नाही."

"तापमान कायम राहतं त्याचं," भास्करराव म्हणाले. "थर्मोस्टॅट आहे."

"वेलदोडा थोडा पुढे गेलाय."

"सांगतो मी."

दुसऱ्या फेरीला तिखट शंकरपाळे निघाले. ते इतके तिखट होते की दोघांनी मधेच पाणी प्यायलं. "नागपूरची ना ती," वैजयंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी दोन घेतले. भास्कररावांना वाटलं, आता 'बघू'चं 'ठेवू' व्हायला हरकत नाही. त्यांनी डबा धुतला, पुसून लख्ख केला आणि परत बसवला.

शनिवारी सकाळी गाडी सुरू झाली नाही.

भास्कररावांनी बॅटरी तपासली. प्लग काढून घासले, वायरी हलवून बघितल्या. किल्ली फिरवली की इंजिन एकदा हुं करायचं आणि गप्प बसायचं. बिघडलेल्या यंत्राचा तो आवाज नव्हता. घरातलं माणूस आतल्या खोलीतून हुं म्हणतं आणि बाहेर येत नाही, तसा होता. वैजयंतीबाई गॅलरीतून थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि खाली उतरल्या.

"डबा बसवलात तेव्हा त्यात काय घातलं होतं?"

"काय घालायचं? घासणी आहे, गाळणी आहे."

"म्हणजे रिकामा पाठवलात?"

"वैजू, तो तेल साठवायचा डबा आहे."

"तिनं तुम्हाला लाडू पाठवले. शंकरपाळे पाठवले. आणि तुम्ही डबा विसळून तिच्या तोंडावर रिकामा ठेवलात. एकदा नाही, दोनदा!" वैजयंतीबाईंनी बॉनेटवरून हात फिरवला. "तिला काय वाटलं असेल? म्हणेल, ह्या घरात बाई आहे की नाही?"

"पण तू तर तिला विकणार आहेस."

"विकायची ती वेगळी गोष्ट. विकेपर्यंत आपल्या दारात आहे ना ती?"

घरात तयार असं काही नव्हतं. अशा वेळी डब्यात निदान चमचाभर साखर घालून द्यायची असते. वैजयंतीबाई साखरेची बरणी घेऊन आल्या, आणि भास्करराव दोन्ही हात पसरून बॉनेटसमोर उभे राहिले.

"इंजिनात साखर? कायमचं जाम होईल ते!"

"मी इंजिनात घालत नाहीये, डब्यात घालतेय."

"डब्यातली हवा इंजिनातच जाते."

"मग आता रीत सोडायची का?"

"रीत सोडायची नाही," भास्करराव शांतपणे म्हणाले. "गोड सोडायचं. तिला चालत नाही, असं समज. आपल्या नानांना चालत नव्हतं तसं."

हे वैजयंतीबाईंना पटलं. ज्याला पथ्य आहे त्याला पथ्याचं द्यावं. त्यांनी वर जाऊन कांद्याची थालीपीठं लावली, डब्यातली घासणी आणि गाळणी काढून त्यात ती थालीपीठं रचली. भास्कररावांनी झाकण फिरवलं, नळ्या जोडल्या आणि किल्ली फिरवली.

हुं.

दोघं डब्याकडे बघत उभे राहिले. ऊन तिरपं येऊन नेमकं डब्यावर पडलं होतं. आता भास्कररावांनी त्यावरचं नाव वाचलं. वैजयंतीबाईंनीही वाचलं, आणि त्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

"अहो, हा शिर्केकाकूंचा डबा. तिला वाटलं, काकूंकडून आलाय. तिनं सगळं त्यांना पाठवलं होतं."

"आपण खाल्लं ते?"

"आपण खाल्लं ते."

शिर्केकाकूंकडे जाताना वैजयंतीबाई पुढे होत्या, भास्करराव डबा घेऊन मागे. काकू पोथी बाजूला ठेवून दाराशी आल्या. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण काढलं, भोकांतून उजेडाकडे बघितलं. मग खुर्चीवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"झाकणाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "लाडू कसे होते?"

"चांगले होते काकू," भास्करराव म्हणाले. "वेलदोडा जरा पुढे होता."

"मला वेलदोडा पुढेच लागतो." काकूंनी चष्मा काढला. "माझ्या नावानं आलेले लाडू, समोरच्या दारात, आणि मला एक तुकडा दाखवला नाहीत. शंकरपाळेसुद्धा?"

"तिखट होते, काकू," वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला सोसले नसते."

"ते मी ठरवलं असतं की."

काकूंनी त्यांना पाणी दिलं, पण चहा विचारला नाही. त्यांनी थालीपीठं ताटलीत काढून वैजयंतीबाईंना परत दिली आणि स्वतः अळूवड्या केल्या. गुळाऐवजी नुसती चिंच वापरली, कारण पथ्याचं त्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी त्या स्वतः खाली उतरल्या. भास्कररावांनी डबा बसवला. काकूंनी बॉनेटमध्ये वाकून म्हटलं, "उशीर झाला गं बाई. मला कुणी सांगितलंच नाही." किल्ली पुरती फिरायच्या आत इंजिन सुरू झालं.

रविवारी धैर्यशील गिऱ्हाईक घेऊन आला. कोरेगावचे बर्गे म्हणून गृहस्थ होते, आल्याचे व्यापारी, बोलायला मऊ. भास्कररावांनी त्यांना घाटात नेऊन आणलं. चढावर भास्कररावांच्या मनात आलं, आज थोडा धूर सोडलास तरी चालेल. पण गाडी आदल्या दिवसाच्या आनंदात होती. ती पाणी प्यायल्यासारखा घाट चढली. बर्गे मागच्या काचेतून बघत होते, आणि मागे नुसतं निळं आभाळ होतं.

"घेतली," बर्गे खाली उतरून म्हणाले.

"दाजी, बघा," धैर्यशील हात चोळत म्हणाला. "तुम्ही म्हणत होता कोण घेणार."

भास्करराव असं कधी म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "काकूंचा डबा आहे आत. तो द्यावा लागेल."

शिर्केकाकूंना बोलावलं. डबा उघडला. आत मुगाच्या वड्यांची भाजी होती, वर कोथिंबीर भुरभुरलेली. अजून वाफ येत होती. काकूंनी बोटाला लावून चव घेतली आणि डोळे मिटले.

"मग झालं," धैर्यशील म्हणाला. "डबा घ्या काकू, आणि आम्ही निघतो."

"निघता कसे? भाजी आली माझ्याकडे. आता तिला मी काही द्यायला नको?"

"द्या की. थांबतो आम्ही," बर्गे म्हणाले. मग ते जरा विचारात पडले. "पण तुम्ही भरून दिल्यावर डबा गाडीबरोबर कोरेगावला येणार."

"येणार."

"मग तिकडनं ती भरून पाठवणार. तो मी इथं आणून द्यायचा."

"गरम असताना," काकू म्हणाल्या.

"आणि तुम्ही परत भरणार." बर्ग्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे थांबायचं कधी?"

काकूंना प्रश्न कळला नाही. त्यांनी वैजयंतीबाईंकडे बघितलं. वैजयंतीबाईंनाही कळला नाही.

"एकीकडून डबा गेलेला असतो, नाहीतर आलेला असतो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मधे थांबेल कुठे तो?"

"अगं ताई, डबा काढून फेका ना!" धैर्यशील ओरडला. "दुसरा बसवू. प्लास्टिकचा!"

बर्ग्यांनी पायातल्या वहाणांकडे बघितलं. इंजिन बंद होतं, तरी आतून बारीकसं हुं ऐकू आलं.

"धैर्यशील," वैजयंतीबाई म्हणाल्या, "तू वर जाऊन पंख्याखाली बस."

बर्ग्यांनी टोपी घातली. "गाडीत खोट काही नाही," ते भास्कररावांना म्हणाले. "पण आमच्यात हे सांभाळायला माणूस नाही. मंडळी शाळेवर असतात, मी बाजारात. दोनदा डबा रिकामा गेला तर ती आमच्या दारात रुसून उभी राहायची. तिचे हाल कशाला?" मग त्यांनी काकूंना नमस्कार केला, वड्यांची भाजी जरा चाखली, आणि ते एसटीने कोरेगावला गेले.

"डब्याची देवाणघेवाण एकदा पुरी झाली, की मग विकायचं बघू," वैजयंतीबाईंनी जाहीर केलं.

"बरोबर आहे," भास्करराव म्हणाले. शिर्केकाकू आणि वैजयंतीबाई लग्न होऊन इथे आल्यापासून एकमेकींना डबे देत होत्या, आणि ती देवाणघेवाण अजून पुरी व्हायची होती. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फडकं घेतलं आणि ते काचा पुसायला लागले. आधी त्यांची बाजू, मग वैजयंतीबाईंची, मग मागच्या दाराची, जिथून काकू बसतात.

आता काकू रोज दुपारी गाडीपाशी खुर्ची टाकून बसतात. इंजिनाने वेलदोडा कमी केलेला नाही. काकूंनी तिखट थोडं वाढवलं आहे. वैजयंतीबाईंनी मागच्या आठवड्यात आपलाही एक डबा, नाव कोरलेला, पहिल्याच्या शेजारी बसवून घेतला, आणि भास्कररावांनी त्याचा वेगळा नकाशा काढला. फक्त दोन्ही डबे एकदम उघडायचे नाहीत, कारण परवा मी चुकून ते उघडले तेव्हा काकूंच्या डब्यात पुरणपोळ्या होत्या, आणि वैजयंतीबाईंच्या डब्यात त्याच पुरणपोळ्या, पण एक जास्त, आणि मग त्या दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पटकन ती जास्तीची पोळी उचलून — हो काकू, आले, डबा सरळच धरते, सांडत नाही, फक्त एवढं वाक्य